भाच्याच्या डोक्याचा रंगीत नकाशा

माझा भाचा आठ वर्षांचा होता तेव्हा मोहफुलांच्या सीझनमध्ये त्याच्या आजीला वाघानं नेलं, त्याच्या डोळ्यांसमोर. हे एका वाक्यात लिहून टाकते, कारण त्या सकाळबद्दल यापेक्षा जास्त लिहायची माझी इच्छा नाही आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-ब्रह्मपुरी-मूल पट्ट्यात ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना वेगळं सांगायची गरज पण नाही. मोहफुलं पहाटे पडतात, उजाडायच्या आत गेलं तर टोपली भरते नाही तर ढोरं खाऊन टाकतात, म्हणून बाया अंधारातच निघतात. रविवार होता, शाळा नव्हती, तो आजीसंग गेला.

फॉरेस्टवाले आले, पंचनामा झाला, नुकसानभरपाईचे कागद झाले. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, माणसं धावून आली होती. पण त्या सगळ्या कागदांत एका पण ठिकाणी असं लिहिलेलं नव्हतं की तिथं एक पोरगं उभं होतं. गावात सगळे बहिणीला सांगत होते, लहान हाय, विसरून जाईल.

तो काही विसरला नाही. चार वाजले की अंगणातून आत यायचा आणि दाराची कडी लावायचा. कुकरची शिट्टी झाली की खाटेखाली. रात्री झोपायचा नाही, झोपला तर दात इतके करकर खायचा की बाजूच्या खोलीत ऐकू यायचं, आणि सकाळी अंथरूण ओलं. भाऊजी दोनतीनदा मारले त्यावरून, नंतर स्वतःच रडले. शाळेत (मी झेडपीच्या शाळेत शिकवते, तो दुसऱ्या शाळेत आहे पण त्याचे सर ओळखीचे आहेत) मागून कोणी हात लावला की सरळ बुक्की मारायचा. आणि बोलणं बंद. म्हणजे भूक लागली, पाणी दे, एवढं बोलायचा, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही, वाघ हा शब्द तर नाहीच.

आधी अंगारा झाला, उतारा झाला, तो भाग सोडून देते. मग कोणीतरी सांगितलं नागपूरला ब्रेन मॅपिंग करतात, डोक्यात काय बिघडलं ते मशीन दाखवते. आम्ही गेलो. नागभीडवरून नागपूरला जाणारी छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली तेव्हापासून आमचं सगळं एसटीवर, पोराला उलट्या होत होत्या. त्या सेंटरमध्ये त्याच्या डोक्यावर टोपी घातली, १९ ठिकाणी सेन्सर, कानाला क्लिपा, केसात जेल. बहिणीनं सकाळीच चांगलं चापून तेल लावून दिलं होतं, ते आधी शाम्पूनं धुवावं लागलं. थोडा वेळ डोळे मिटून बस, थोडा वेळ उघडे ठेवून बस. मग प्रिंट हातात आली, डोक्याची गोल गोल चित्रं, कुठं हिरवं कुठं पिवळं आणि दोन्ही बाजूला लालभडक. म्हणे हा ट्रॉमाचा, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्याचा ब्रेन आहे, न्यूरोफीडबॅकच्या (स्क्रीनवर पाहून आपल्याच मेंदूच्या लाटा बदलायला शिकायचं) ४० सेशनचं पॅकेज घ्या, आजच भरलं तर कमी करून देतो. बहीण त्या लाल रंगाकडं अशी पाहत राहिली जसं काही एक्स-रेमध्ये मोडलेलं हाड दिसलं. आणि तेवढ्या वेळात एका पण माणसानं पोराला विचारलं नाही की बेटा तुला काय होतं.

मी पैसे भरू दिले नाही. बहिणीशी बसमध्ये भांडण झालं. तिचं म्हणणं, मशीननं दाखवलं ना आता, अजून काय पाहिजे.

मग आम्ही एका सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात गेलो आणि तिथल्या मॅडमनी तो नकाशा टेबलवर ठेवून आम्हाला जे समजावलं ते मला सगळ्या आईबापांपर्यंत पोचवायचं आहे, म्हणून जरा लांबण लावते. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा खूप बारीक वीज तयार होते, ती कवटीवरून मोजता येते. जर्मनीच्या हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरनं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची अशी नोंद पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये छापली, तोच हा ईईजी, जो फिट येणाऱ्यांचा काढतात. ब्रेन मॅपिंग म्हणजे तोच ईईजी कॉम्प्युटरमध्ये टाकून त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीशी तुलना करायची, आणि फरक असेल तिथं रंग भरायचा. लाल म्हणजे फरक आहे, एवढंच. का आहे ते नकाशा सांगत नाही. झोप झाली नसेल तरी फरक दिसतो, पापणी हलली की लाट उठते, आणि दात आवळून बसलं की कानशिलाच्या स्नायूची वीज त्यात मिसळते आणि दोन्ही बाजू लाल दिसू शकतात. मॅडमनी पोराच्या जबड्याला हात लावून पाहिला, दगडासारखा होता. म्हणजे ते जे लाल पाहून आम्ही घाबरलो त्यातलं किती मेंदूचं आणि किती दाताचं, हे त्या सेंटरवाल्यानं पाहिलंच नव्हतं. नकाशावरून ट्रॉमाचं निदान होत नाही, निदान पोराशी बोलून, आईबापाशी बोलून, त्याचं वागणं पाहून होतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि भाऊजीला सांगितलं की अंथरुणावरून मारणं आजपासून बंद, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०१३ च्या गाइडलाइनमध्येपण हेच आहे. भाऊजी खाली मान घालून बसले होते.

मी विचारलं मग ते न्यूरोफीडबॅक खोटं आहे का. त्या म्हणाल्या खोटं नाही, पण पहिलं नाही. मुलांच्या अशा धक्क्यावर ज्याचा पुरावा जास्त आहे ती म्हणजे ट्रॉमासाठीची सीबीटी, म्हणजे बोलून, चित्रं काढून, श्वास शिकवून, हळूहळू त्या आठवणीपर्यंत जायचं, आईबापाला सोबत घेऊन. दुसरी ईएमडीआर, म्हणजे ती आठवण मनात ठेवून डोळे इकडून तिकडं हलवायची थेरपी. न्यूरोफीडबॅकचे अभ्यास छोटे आहेत. मी घरी येऊन वाचत बसले, ट्रॉमावर काम करणारे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या टीमनं २०१६ मध्ये जुना ट्रॉमा असलेल्या ५२ मोठ्या माणसांवर केलेला अभ्यास, २४ सेशन, आणि ज्यांना सेशन मिळाले त्यांच्यात बराच फरक पडला. मुलांवरचा २०२० चा, ६ ते १३ वर्षांची ३७ मुलं, तिथंपण फायदा दिसला, पण ज्यांच्याशी तुलना केली त्या मुलांना खोटी मशीन लावून पाहिलेली नव्हती. आणि हे महत्त्वाचं आहे, कारण एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या, फार चंचल मुलांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, १४४ मुलं, त्यात काहींना खरं आणि काहींना नुसतं नाटकी न्यूरोफीडबॅक दिलं, कोणाला काय ते आईबापालापण माहीत नाही, आणि दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच सुधारली. म्हणजे मशीनशिवाय पण त्या खोलीत काहीतरी घडते. कोणीतरी आठवड्यातून दोनदा फक्त तुझ्यासाठी बसतं, तू शांत बसला की शाबास म्हणतं, हे पण औषधच ना.

हे सगळं माहीत असून आम्ही न्यूरोफीडबॅक घेतलं, आणि का घेतलं ते सांगते. तो बोलतच नव्हता. बोलून करायची थेरपी सुरू केली तर पोरगं दीड महिना भिंतीकडं तोंड करून बसलं. तेव्हा मॅडमनीच नागपूरच्या एका सायकॉलॉजिस्ट ताईकडं पाठवलं, ज्या दोन्ही करतात, आणि एका वेळी एकाच सेशनचे पैसे घेतात, पॅकेज नाही.

गावात पहिला प्रश्न, करंट देते का जी डोक्याले? नाही देत. मशीन डोक्यात काहीच सोडत नाही, फक्त ऐकते. उजव्या कानाच्या वर एक सेन्सर, थोडं मागं दुसरा, समोर स्क्रीनवर गाडी. अंग सैल झालं, मेंदूच्या लाटा पाहिजे तशा आल्या की गाडी पळते, ताणला गेला की थांबते. कशी पळवायची ते कोणी सांगत नाही, सांगता येतपण नाही, पोरगं स्वतःच शोधते. चौथ्या सेशनला त्याला सापडलं. जबडा सोडला की गाडी चालते. आठ महिन्यांत आम्ही शंभरदा सांगितलं असेल, दात खाऊ नको, त्याला माहीतच नव्हतं की तो दात खाऊन राहिला आहे.

सहाव्या की सातव्या वेळी ताईंनी त्याला गोष्ट सांगितली की हे शिकवणं मांजरांवरून निघालं. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टरमन नावाच्या शास्त्रज्ञानं मांजरांना एक ठरावीक लाट काढली की दूध द्यायचं असं शिकवलं, आणि नंतर रॉकेटच्या इंधनानं फिट येते का हे तपासताना दिसलं की शिकलेल्या मांजरांना फिट लवकर येत नाही. त्या मांजरांना असं विष द्यायचं हे मला ऐकवत नव्हतं, पण पोरगं कान देऊन ऐकत होतं. आणि मधेच बोललं, "मांजर म्हंजे वाघाची मावशी."

वाघ.

मी बाजूच्या खुर्चीवर बसली होती, माझे हात थरथरायला लागले. ताईंनी काहीच मोठं केलं नाही, फक्त विचारलं, हो का, मग तुझी मावशी कोणती? त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. पुढच्या वेळी त्यानं चित्र काढलं, झाड, टोपली, आजी. आजीला लुगडं हिरवं. त्या दिवशी ते हिरवंच होतं.

आता कोणी विचारलं की फरक मशीननं पडला का, तर मी छातीठोक हो म्हणणार नाही. आईजवळ झोपवणं सुरू केलं होतं, मारणं बंद झालं होतं, सरांनी त्याला भिंतीला पाठ लागेल अशा बाकावर बसवलं होतं, वर्षपण उलटलं होतं. मला एवढं वाटते की ज्या पोराच्या तोंडून शब्द निघत नाही त्याला आधी अंग सोडायला शिकवणारी एक वाट मिळाली आणि बोलणं त्याच वाटेनं आलं. दोन्हीमधलं एक काढून घेतलं असतं तर काय झालं असतं हे मी सांगू शकत नाही. वीस सेशन झाले, आता बंद आहेत. अंधार पडल्यावर बाहेर अजून जात नाही. अंथरूण महिन्यात एखाद वेळी. जंगलाकडं आम्ही नेत नाही आणि नेणारपण नाही, कारण ती भीती खरी आहे, ती काढून कशी चालेल, वाघ तर तिथंच आहे.

राग मात्र माझा गेला नाही. वाघानं माणूस मारला की आता २५ लाख मिळतात, मिळायलाच पाहिजे, पण त्याच पंचनाम्याच्या दिवशी घरातल्या लेकरांचं नाव लिहून घेऊन आठ दिवसांत कोणी त्यांच्याशी बोलायला यावं, हे का नाही? एसटीनं नागपूरला जाऊन येण्यात बहिणीची दिवसाची मजुरी बुडायची, प्रत्येक वेळी. आशाताईला चार गोष्टी शिकवल्या तरी पुष्कळ होईल. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा, फुकट आहे, मराठीत बोलता येते, मी स्वतः दोनदा रात्री लावला आहे. आणि नकाशा दाखवून त्याच दिवशी पैसे मागणाऱ्याकडून पोराला घेऊन सरळ उठून या.

यावर्षी भाऊबीजेनंतर आमच्याकडं नाटकं सुरू झाली, झाडीपट्टीची, रात्रभर चालतात. बाजूच्या गावाला शंकरपट (बैलांची शर्यत) होता आणि रात्री नाटक. मागच्या दोन वर्षी तो आला नव्हता. यावेळी म्हणाला येतो, पण मावशीजवळ बसीन. मंडपात गर्दी, तबला, ऑर्गन, खलनायक ओरडत होता, पहिल्या अंकात त्यानं माझा हात इतका आवळून धरला की बांगडी रुतली. दुसऱ्या अंकात बांगडी सैल झाली. पाहते तर मांडीवर डोकं टाकून झोपला होता, एवढ्या आवाजात, तोंड थोडं उघडं. मी बोटानं जबडा चाचपून पाहिला. मऊ होता. पहाटे नाटक सुटलं, लोकं उठून गेली, मंडपवाला खुर्च्या गोळा करत आमच्यापर्यंत आला तेव्हा बहीण हळूच म्हणाली, राहू द्या भाऊ, या दोन खुर्च्या मंग घ्या.