हम ‘जी’च्या सुरात लागते : घरी बेस रेकॉर्ड करताना

बेस गिटारची मोकळी (कुठेही न दाबलेली) ‘जी’ची तार छेडून सूर चार मात्रा धरला, की रेकॉर्डिंगमध्ये तो विरत जाताना डोलायचा. सेकंदाला साधारण दोनदा फुगायचा, दोनदा ओसरायचा. ट्यूनरवर सूर बरोबर, तारा नव्या. ‘ई’ आणि ‘ए’ मोकळ्या वाजवल्या तर सरळ. ‘ई’च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची पट्टी) ‘जी’ वाजवला की डोल परत हजर, फक्त निम्म्या गतीने. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबून हळू आवाज वर आणणारं साधन) लावला की आणखी ठळक.

तारेत किंवा फ्रेटमध्ये दोष असता तर तो एका सुराला असा चिकटला नसता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची, त्यामुळे पिकअपमध्ये (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबक-वेटोळ्यात) शिरणारी हम, म्हणजे विजेची सततची घुमणारी गुणगुण, ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींत असते : १००, १५०, २००, २५०. बेसचा मोकळा ‘जी’ ९८ हर्ट्झचा आणि तिसऱ्या फ्रेटचा खालचा ‘जी’ ४९ हर्ट्झचा. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन ठोके, ४९ आणि ५० एकत्र वाजले की एक. तानपुऱ्याची जोड जुळण्याआधी जी डोल कानाला लागते, तीच ही. सूर जोरात असतो तोवर हम त्याखाली दबलेली असते. सूर विरत हमच्या पातळीला आला की डोल वर येते, आणि कॉम्प्रेसर नेमकी तीच शेपटी उचलून धरतो.

पुढच्या पटी पाहिल्या तर १५० हर्ट्झ ‘डी’जवळ (१४६.८), २०० पुन्हा ‘जी’जवळ (१९६), २५० ‘बी’जवळ (२४६.९). म्हणजे आपल्या घरातली हम हा अक्षरशः ‘जी’ मेजर कॉर्ड (‘जी’, ‘बी’ आणि ‘डी’ मिळून होणारा) आहे, सुमारे एक तृतीयांश सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) चढा लागलेला. गाणं ‘जी’, ‘डी’ किंवा ‘सी’मध्ये असेल तर ती जवळजवळ प्रत्येक ओळीत आडवी येते.

म्हणूनच ‘रेकॉर्ड करून टाक, हम नंतर फिल्टरने काढू’ हा सल्ला बेसला लागू पडत नाही. ५० आणि १०० हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढंच कंपन कापणारा फिल्टर) लावून पाहिला, तर हमसोबत ‘जी’चं पोटही रिकामं झालं आणि शेजारचे ‘एफ’ आणि ‘ए’ भरलेले राहिले. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. ती ‘ए शार्प’ (५८.३) आणि ‘बी’ (६१.७) यांच्या मधोमध पडते, त्यामुळे तिथल्या लोकांना नॉच थोडा तरी पचतो. त्यांचे तयार प्रीसेट ६० वर बेतलेले असतात, ते आपल्याकडे जसेच्या तसे लावले तर हम जागेवर राहते आणि भलताच सूर कापला जातो. हम काढायची ती गिटारमध्येच आणि खोलीतच.

माझी गिटार चार तारांची, फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धर्तीची, पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारी), ३४ इंच स्केलची (तारेची वाजणारी लांबी), दोन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या) पिकअपची. त्याच कंपनीच्या प्रिसिजन बेसला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे, त्यातली एक कॉइल दुसरीची हम खोडते. १९६० साली आलेल्या जॅझ बेसमध्ये हे काम दोन स्वतंत्र पिकअप मिळून करतात, आणि तेही दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतील तेव्हाच. मी ब्रिजचा (तारा बांधलेल्या टोकाकडचा) पिकअप पूर्ण आणि नेकचा (मानेकडचा) थोडा उतरवून वाजवतो, कारण दोन्ही पूर्ण उघडले की मधला आवाज पोकळ होतो. म्हणजे हम खोडण्याची सोय मी स्वतःच अर्धी बंद करून ठेवली होती.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी खोलीत चाचण्या केल्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करायची. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर : वरची बारीक किणकिण गेली, खालची हम तशीच. मग पंख्याचा रेग्युलेटर. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापतो आणि त्यातून टोकदार ‘झर्र’ निघते. पंखा बंद करताच ती गेली. पायऱ्यापायऱ्यांचे, आत कपॅसिटर असलेले रेग्युलेटर यात बरेच शांत असतात. तिसरी चाचणी दिशेची. खुर्चीत बसून गिटारसकट हळूहळू फिरलो, तर एका कोनात हम जवळपास निम्मी झाली. अॅडॉप्टर आणि एक्स्टेंशन बोर्डपासून दीड मीटर दूर सरकल्यावर आणखी उतरली.

चौथ्या चाचणीने खरं दुखणं दाखवलं. तारांना हात लावला तर फरक नाही. जॅकच्या (केबल खुपसायच्या जागेच्या) धातूला बोट लावलं तर टोकदार बझ झटकन कमी. पॅसिव्ह गिटारमध्ये तारा ब्रिजमधून एका वायरने अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे हात तारांवर ठेवला की आवाज उतरायलाच हवा. तो फक्त जॅकला हात लावून उतरत असेल तर ब्रिजची वायर तुटली आहे किंवा टेकत नाही, असं समजावं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देतो त्या जागी) ठेवून एक टोक ब्रिजवर आणि दुसरं केबलच्या प्लगच्या बाहेरच्या भागावर धरलं : बीप नाही.

इथे एक इशारा. तारांना हात लावल्यावर मुंग्या किंवा झटका जाणवला तर गिटार खाली ठेवा आणि घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. फेज-न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट, फेज-अर्थ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत, असं मोजमाप आलं पाहिजे. हम घालवण्यासाठी तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं जिवावरचा खेळ आहे, ते कुणाच्याही सांगण्यावरून करू नये.

ब्रिज उचलला तेव्हा खाली वायरचं उघडं टोक दिसलं, हिरवट काळं पडलेलं, लाकडाच्या खाचेत रुतलेलं. वरचा धातू त्याला टेकतच नव्हता. कोकणपट्टीच्या दमट हवेत तांबं असंच काळवंडतं. टोक पॉलिश पेपरने चकचकीत केलं, दोन सेंटिमीटर लांबीचा चपटा पंखा उघडला, ब्रिजची खालची बाजूही तेवढ्या जागी घासली आणि स्क्रू आवळले. बीप आली.

आता शील्डिंग, म्हणजे खाचांना आतून धातूचं अस्तर. तांब्याची टेप घेताना तिचा गोंदही वीज वाहणारा आहे ना, ते बघून घ्यावं, नाहीतर एक पट्टी दुसरीवर चिकटते पण जोडली जात नाही. ५० मिलिमीटर रुंदीची साधारण दोन मीटर टेप दोन पिकअपच्या खाचा, कंट्रोलची खाच आणि प्लेटची आतली बाजू यांना पुरली. आधी तळ, मग भिंती, आणि भिंतीची पट्टी वरच्या काठावर अर्धा सेंटिमीटर बाहेर दुमडायची, म्हणजे प्लेट बसली की डबा बंद होतो. प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीशी मल्टिमीटरने तपासली आणि एक ओमपेक्षा जास्त दिसलं तिथे सोल्डरचा टिपका दिला. पिकअपच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येकीतून एक वायर कंट्रोलच्या खाचेत आणली आणि सगळ्या व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबखालच्या, रोध कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवर जोडल्या.

पॉटची पाठ उष्णता शोषून घेते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने ती तापत नाही, आपण टोक दाबून धरत बसतो आणि आतला ट्रॅक जळतो. ६० वॉटचं आयर्न, पाठ आधी खरवडलेली, तीन-चार सेकंदांत काम. सोल्डर चमकदार पसरला पाहिजे. गोळा होऊन बसला तर तो जोड नुसता दिसायला जोड असतो.

सगळ्यांची हमखास चूक जॅकपाशी होते. प्लग आत शिरला की जॅकची सिग्नल नेणारी पत्ती बाहेर वाकते आणि तांब्याला टेकते. गिटार एकदम मुकी होते आणि माणूस पुन्हा सगळं उकलत बसतो. तिथल्या तांब्यावर आधीच काळी इन्सुलेशन टेप लावून ठेवावी. उघडलंच होतं म्हणून पॉट २५० किलोओमचे आणि टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा आहे, हेही बघून घेतलं.

शील्डिंगकडून काय मिळतं आणि काय नाही, हे स्पष्ट असावं. टोकदार बझ, म्हणजे विद्युत क्षेत्रातून येणारी घाण, जवळपास संपली. पण सिंगल कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० हर्ट्झची हम तांब्याच्या पातळ पत्र्याला जुमानत नाही. तिच्यासाठी दोनच उपाय : दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवणं, नाहीतर त्याच मापाचे हम खोडणारे पिकअप बसवणं. मी पहिला उपाय घेतला. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे, आणि पोकळी भरायला उजवा हात ब्रिजच्या पिकअपकडे सरकवला. ‘जी’ आता शेवटपर्यंत सरळ विरतो.

तारा उतरवल्या होत्या म्हणून सेटअप पुन्हा करावाच लागला. तारा ४५-६५-८५-१०५ मापाच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत). सुरात लावून गिटार रात्रभर ठेवली, मग मानेचा वाक मोजला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप), शेवटची फ्रेट दाबलेली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) : ०.५ मिलिमीटर. मला ०.३ हवं होतं. पावसाळ्यात दमट लाकूड बहुतेक वेळा पुढे वाकतं, पण अंदाजावर ट्रस रॉड (मानेतली वाक जुळवायची सळई) फिरवू नये, मोजूनच फिरवावा. घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव फेरी, मग सूर लावायचा, थांबायचं, परत मोजायचं. पाना मिलिमीटरचा की इंचाचा, ते नीट बघा. जवळपासचा पाना ‘बसतो’ असं वाटतं आणि नटाचे कोपरे झिजतात.

तारांची उंची सतराव्या फ्रेटवर ‘ई’ला २.४ आणि ‘जी’ला २.० मिलिमीटर. इंटोनेशनसाठी (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून) बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून पाहायचा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे. पिकअपची उंची शेवटची फ्रेट दाबून मोजली : ‘ई’कडे ३, ‘जी’कडे २.५ मिलिमीटर. पिकअप फार वर घेतला तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारेच्या वरच्या फ्रेटवर सूर डोलतो. ही डोल हमच्या डोलीपेक्षा वेगळी. ती ‘जी’शी बांधलेली नसते, कुठल्याही सुरावर येते, आणि पिकअप खाली केला की जाते.

रेकॉर्डिंगचा भाग यापुढे सोपा झाला. डीआय (अॅम्प्लिफायरविना थेट जोडून रेकॉर्ड करणं) म्हणजे कमी प्रतीचं, हा समज सोडून द्यावा. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन यांचा प्रिसिजन बेस बहुतेक वेळा थेट मिक्सिंग कन्सोललाच जोडलेला असे. इंटरफेसवर (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) मात्र इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं हवं, म्हणजे इनपुटचा रोध साधारण एक मेगओम होतो. लाइन इनपुटचा रोध दहा-वीस किलोओमचा असतो, पॅसिव्ह पिकअप तिथे लावला की वरचा आवाज मरतो, आणि लोक तारा बदलत बसतात. केबल तीन मीटरची पुरते.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवून गेन असा लावला की शिखरं उणे १० ते उणे १२ डीबीला थांबतील. स्लॅप असेल तर आणखी खाली, कारण अंगठ्याचा फटका मीटरला फसवतो. बफर (संगणक एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल, म्हणजे एका दिशेला २.७ मिलिसेकंदांचा उशीर, हाताला जाणवत नाही. प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग, आणि तेही वाजवतो त्याच जोराने छेडून, कारण जोरात छेडलेली ‘ई’ सुरुवातीला चढी लागते. न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी झाकलेल्या. जुन्या धाटणीचा आखूड सूर हवा असेल तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा, तारांना जेमतेम टेकेल एवढा.

मिक्समध्ये ३० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापणारा फिल्टर (मोकळी ‘ई’ ४१ हर्ट्झची, तिला धक्का लागत नाही). कॉम्प्रेसर ४:१, अटॅक (त्याला दाबायला लागणारा वेळ) २५ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे बोटाचा ठोका आधी निसटून जातो, आणि मीटरवर ४ ते ६ डीबीची घट. मग ट्रॅकची एक प्रत करून तिच्यात २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं, उरलेल्यावर थोडं डिस्टॉर्शन लावलं आणि मूळ ट्रॅकखाली मिसळलं. फोनच्या स्पीकरमधून खालचे मूळ सूर येतच नाहीत, कान ते वरच्या पटींवरून जुळवतो. त्या पटी या प्रतीतून मिळतात.

मिक्स दुसरं कुणी करणार असेल तर प्लगइन नसलेला कोरा डीआय, गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी वेव्ह फाइल आणि सोबत गाण्याचा टेम्पो पाठवतो. फाइलच्या सुरुवातीला दोन सेकंद हात तारांवर ठेवून, नॉब वाजवतानाच्याच जागी असताना, शांतता रेकॉर्ड केलेली असते. मिक्स करणाऱ्याला हम किती उरली आहे, ते तिथे पहिल्याच क्षणी ऐकू येतं.