बायपॉड आणि मागची पिशवी

आज नेमबाजीच्या रेंजवर दिवसभर पोटावर झोपून, रायफलला बायपॉड (पुढच्या टोकाखालचा दोन पायांचा स्टँड) लावून १०० मीटरवर सराव केला. खांदे दुखतायत, पण मन भरलंय.

दोन पाय लावले की रायफल आपोआप स्थिर होते, असं पुष्कळांना वाटतं. पाय फक्त पुढचं वजन पेलतात. खरं काम खांद्याचं. शरीर रायफलच्या सरळ मागे ठेवून खांदा किंचित पुढे रेटायचा, म्हणजे पायांवर ताण येतो आणि धक्का सरळ मागे जातो. हा दाब दर गोळीला सारखाच हवा. तो कमीजास्त झाला की गोळ्या वर-खाली पसरतात. काँक्रीटवर पाय उसळतात, म्हणून खाली जाड चटई घातली. फरक लगेच दिसला.

मला सगळ्यात आवडली ती बटखालची, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकाखालची, वाळूची पिशवी. डाव्या मुठीत ती जरा दाबली की बट वर येतो आणि नेम खाली सरकतो. इतकी बारीक हालचाल हाताने धरून जमणं अवघड. १०० मीटरवर एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे जेमतेम २.९ सेंटिमीटर! तिथे श्वाससुद्धा जाणवतो.

मग नेम तपासायला डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) सरकलेला दिसला तर रायफल ओढायची नाही, कंबर हलवायची. हे करायला वेळ लागतो, पण मी तो दर वेळी देणार.

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत बायपॉड चालत नाही. एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या प्रकारात मात्र चालतो, .२२३ किंवा .३०८ कॅलिबरच्या रायफलवर. मला आता तिकडेच जायचंय. इथे कुणी एफ-टीआर खेळत असेल तर जरूर लिहा, पायांची उंची किती ठेवता?