सुतळीने मोजलेलं न्यूयॉर्क

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. भागाकार केला की चौदा तास येतात. तिकिटावर मात्र जाताना पंधरा-सोळा तास लावलेले असतात, येताना त्याहून कमी. चुलतबहीण तिकडून यायची असली की आमच्या मालवणच्या ओटीवर हा तिढा हमखास निघतो. काकूचं ठाम मत, विमानवाले मधे कुठेतरी थांबत असणार, सांगत नाहीत एवढंच.

आबाकाकांना हे ऐकवत नाही. त्यांची सगळी नोकरी बोटीवर गेली. गेल्या मे महिन्यात त्यांनी कापायला आणलेलं कलिंगड सुरीखालून ओढून घेतलं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. खडूने एक ठिपका मुंबईचा, दुसरा पार पलीकडे, थोडा वर, न्यूयॉर्कचा. सुतळीची दोन टोकं ठिपक्यांवर दाबून ताणली, तशी ती अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जायचं सोडून घसरत देठाकडे गेली. खरोखरच हा सर्वांत जवळचा रस्ता ६५ अक्षांशाच्या जवळपास चढतो, म्हणजे आइसलँडच्या पट्ट्यात. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसायची सोय नाही.

अर्थात विमान सुतळीवरून चालत नाही. कुठलं आकाश बंद असतं. युक्रेनवरून तर फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानं जातच नाहीत. मग वळसा. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची; धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी त्यातच आली. आणि वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरकस प्रवाह वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून अंगावर येतात, येताना पाठीशी असतात. वाऱ्यावर वेळ ठरते हे मालवणात कुणाला समजावून सांगायचं?

काकांना खरा आनंद वेगळाच. वैमानिक अजूनही अंतर नॉटिकल मैलात मोजतात. एक मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. "म्हणजे पावणेसात हजार मैल," काका तोंडीच सांगतात, आणि विमानवाले आपल्याच जातकुळीतले असल्यासारखे खुलतात. मला तर वाटतं, मुलगी येण्याइतकाच त्यांना हा हिशेब प्रिय आहे.

काकू मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडून बसते. पिवळं चिमुकलं विमान समुद्रावर रेंगाळतंय असं तिला वाटतं. "आता खंय आसा ता?" दर दहा मिनिटांनी.

एकदा ते मुंबईत उतरलं की मात्र सुतळीचा उपयोग संपतो. मुंबई-मालवण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरसुद्धा भरत नाही, पण कोकण रेल्वे बरीचशी एकेरी. समोरच्या गाडीला वाट द्यायला स्टेशनात उभं राहायचं. पावसाळी वेळापत्रक असलं तर वेग आणखी कमी. रात्रभर गाडी, सकाळी कुडाळ, पुढे रिक्षा. या टप्प्याचा हिशेब काकूकडे. "रत्नागिरी सुटली की फोन कर," एवढंच ती मुलीला बजावते, आणि घावण्यांसाठी तांदूळ भिजत घालते.

"आणि गाडी लेट असली तर?" काका विचारतात.

"तर पीठ जरा आंबात. तुमचा काय जाता?"