आमची वाटचाल : पार्सल निघाल्यानंतरचं काम

काचेच्या लॅम्पशेड आणि दिव्यांचे सुटे भाग आम्ही ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकतो. विक्री वाढत गेली तसं शिपिंगच्या तक्रारी निस्तरणं हे पॅकिंगइतकंच स्वतंत्र काम झालं. पोचलंच नाही, उशिरा पोचलं, फुटून आलं, खोक्यात कमी निघालं, याबाहेरची तक्रार क्वचितच येते. ग्राहकाशी बोलून मिटलं तर उत्तमच. नाही मिटलं तर वाद मार्केटप्लेस, पेपाल (ऑनलाइन पैसे देण्याची सेवा) किंवा बँकेकडे जातो, आणि तिथे निकाल देणाऱ्याने माल पाहिलेला नसतो, ग्राहकाला आणि आम्हालाही तो ओळखत नसतो. त्याच्यापुढे फक्त स्क्रीन असते. आमची सगळी पद्धत हळूहळू त्या तिसऱ्या माणसासाठी बसवत गेलो.

सुरुवात होते पिकअपपासून. ट्रॅकिंगमध्ये ‘लेबल तयार झालं’ आणि ‘पार्सल ताब्यात घेतलं’ या दोन वेगळ्या नोंदी असतात, आणि वेळेत पाठवल्याचा पुरावा म्हणून दुसरीच उपयोगी पडते. कुरिअरचा माणूस पोतं भरून नेतो, एका कागदावर एकूण नग लिहून सही देतो, आणि प्रत्येक पार्सलचं स्कॅन थेट हबवर, म्हणजे कुरिअरच्या वर्गवारी केंद्रावर, होतं. मधल्या वेळात एखादा नग गहाळ झाला तर तो आम्ही दिलाच नाही, असं रेकॉर्ड दिसतं. म्हणून आमच्या दारातच नगागणिक स्कॅन करून घेतो. ते जमत नसेल तर काउंटरवर जाऊन प्रत्येक नंबर असलेली पावती घेतो. जुना खोका वापरायचा असेल तर आधीची लेबलं आणि बारकोड खरवडून काढायचे. नव्या बारकोडवर चकाकणारी टेप लावायची नाही, स्कॅनरला तो वाचता येत नाही. लेबल खोक्याच्या सांध्यावर तर कधीच नको.

‘डिलिव्हर्ड दाखवतंय, पण माझ्याकडे आलं नाही’ ही सगळ्यांत नाजूक तक्रार. आधी ट्रॅकिंगमधलं गाव आणि पिनकोड ऑर्डरशी जुळतो का ते बघतो. त्याच दिवशी कुरिअरकडे डिलिव्हरीचा पुरावा मागतो : फोटो, सही, घेणाऱ्याचं नाव, जीपीएस, जे असेल ते. ग्राहकाला घरची माणसं, शेजारी, सुरक्षारक्षक आणि पत्रपेटी बघायला सांगतो. काही वेळा डिलिव्हरी करणारा दिवसअखेर उरलेली पार्सलं ‘दिली’ अशी नोंदवून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखर नेऊन देतो. तेव्हा कामाचे एक-दोन दिवस थांबायची विनंती रास्त आहे.

त्यापुढे मात्र ग्राहकाला थोपवून धरू नये. पेपालवर व्यवहारापासून 180 दिवसांत तक्रार उघडता येते, पण उघडल्यावर 20 दिवसांत ती क्लेममध्ये नेली नाही, म्हणजे पेपालकडे निकाल मागितला नाही, तर आपोआप बंद होते. जाणकार ग्राहकाला हे माहीत असतं. ‘अजून आठवडाभर बघा’ असं लिहिणारा विक्रेता त्याला वेळ काढणारा वाटतो आणि तो लगेच क्लेम करतो. त्याचं चुकतं असंही नाही.

पत्त्याचा नियम आम्ही मोडत नाही. ऑर्डरनंतर मेसेजमधून नवा पत्ता आला तर ऑर्डर रद्द करून ग्राहकाला नव्याने करायला सांगतो, कारण व्यवहारावर नोंदलेल्या पत्त्याखेरीज दुसरीकडे पाठवलं की पेपालचं विक्रेता-संरक्षण, म्हणजे वादात विक्रेत्याचे पैसे राखणारी सोय, जातं. 750 डॉलर किंवा त्यावरच्या ऑर्डरला पेपाल आणि ईबे (मार्केटप्लेस) दोघांनाही सहीसकट डिलिव्हरी लागते, नुसतं ‘डिलिव्हर्ड’ पुरत नाही.

फुटीचं मूळ बहुतेक वेळा पॅकिंगमध्येच सापडतं. लॅम्पशेड आतल्या खोक्यात घट्ट बसवायची, तो खोका बाहेरच्या पाचपदरी खोक्यात ठेवायचा आणि दोन्हींमध्ये सहाही बाजूंना किमान 5 सेंटीमीटर भरण हवं. खोका हलवल्यावर आत काही सरकलं तर पुन्हा उघडायचा. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर, इंग्रजी एच अक्षरासारखी. नवं पॅकिंग ठरवताना आयएसटीए 1ए या पॅकिंगच्या प्रमाणित चाचणीप्रमाणे नमुना पाडून बघतो : 10 किलोच्या आतल्या खोक्याला 76 सेंटीमीटरवरून दहा वेळा, एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा बाजूंवर.

फुटल्याची तक्रार आली की फक्त फुटक्या काचेचा फोटो पुरत नाही. लेबलासकट बाहेरचा खोका सगळ्या बाजूंनी, आतलं भरण आणि तुकडे, असे फोटो मागतो. कोपरा चेपलेला असेल तर कुरिअरवर क्लेम टिकतो. बाहेरचा खोका धड आणि आत चुरा असेल तर कुरिअर ‘अपुरं पॅकिंग’ म्हणून क्लेम फेटाळणार, हे गृहीत धरून ग्राहकाला लगेच पैसे परत करतो आणि पॅकिंग बदलतो. क्लेम मिटेपर्यंत खोका टाकू नका, हे पहिल्याच उत्तरात लिहावं लागतं, कारण कुरिअर तो तपासायला मागू शकतं. आंतरराष्ट्रीय हवाई मालाला मॉन्ट्रियल करार लागू असेल तर नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करावी लागते. ती माल घेणाऱ्याने करायची असते, म्हणून मसुदा आम्हीच लिहून ग्राहकाला देतो.

खोक्यात कमी निघाल्याच्या वादात वजन बोलतं. बंद खोक्याचं वजन ग्रॅममध्ये नोंदतो आणि काट्यावरचा आकडा व लेबल एकाच फोटोत घेतो. समजा, दोन शेडचं पार्सल 1,840 ग्रॅमचं आहे आणि एक शेड 620 ग्रॅमची. हबवर 1.84 किलो भरलं असेल तर तिथपर्यंत दोन्ही शेड आत होत्या. मात्र कुरिअरच्या बिलावरचं वजन पुरावा म्हणून देऊ नये. ते दराच्या पुढच्या टप्प्यापर्यंत वाढवलेलं असतं, नाहीतर आकारमानावरून काढलेलं : 40×30×20 सेंटीमीटरचा खोका भागिले 5000, म्हणजे 4.8 किलो, आत कापूस असला तरी. हबच्या काट्यावरचं प्रत्यक्ष वजन वेगळं मागावं लागतं. पॅकिंगच्या व्हिडिओचं कौतुक फार होतं, पण व्हिडिओ आपणच काढलेला असतो. हबचं वजन तिसऱ्याचं असतं, म्हणून आम्हाला ते वजनदार वाटतं. एकाच ऑर्डरचे दोन खोके असतील तर दोन्ही ट्रॅकिंग नंबर ऑर्डरवर चढवतो. या एका सवयीने ‘अर्धाच माल आला’ हे मेसेज जवळपास थांबले.

परदेशी ऑर्डरवर आयात शुल्क कोण भरणार हे लिस्टिंगमध्येच लिहितो. डीएपी (शुल्क न भरता पोचवणं) असेल तर ग्राहक, डीडीपी (शुल्क भरून पोचवणं) असेल तर आम्ही. न सांगितलेल्या शुल्कामुळे पार्सल नाकारलं गेलं तर परतीचा खर्चही आमच्या माथी बसतो.

चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाने आपल्या कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत मागणं, हे वेगळंच प्रकरण. व्हिसा कार्डाच्या कारण-कोडांपैकी 13.1 म्हणजे माल मिळाला नाही, 13.3 म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष. 13.3 ला डिलिव्हरीची सही जोडून उपयोग नाही, तिथे लिस्टिंगचे फोटो, मापं आणि ग्राहकाचे मेसेज लागतात. 13.1 साठी ऑर्डरचा पत्ता, ताब्यात घेतल्याचं स्कॅन, डिलिव्हरीचं स्कॅन आणि पुरावा याच क्रमाने एका पानावर लावतो. रागाचं एकही वाक्य नाही. सगळा संवाद मार्केटप्लेसच्या मेसेजमध्येच ठेवतो, फोनवर बोलणं झालं तर त्याचा सारांश तिथे टाकतो. चार्जबॅक चालू असताना वेगळा रिफंड देत नाही, नाहीतर पैसे दोनदा जातात. आधीच रिफंड दिलेला असेल तर त्याचीच नोंद उत्तरात जोडतो.

लहान रकमेच्या वादात, पुरावा आपल्या बाजूने असला तरी, कधी कधी रिफंड देऊन फाइल बंद करणं स्वस्त पडतं. असा रिफंड मार्केटप्लेसच्या बटणावरूनच द्यावा, बाहेरून पाठवलेले पैसे निकाल देणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसत नाहीत.