ॲक्टिव्हिटी लेव्हल: जानेवारीची वेगळी, मे महिन्याची वेगळी

वय ४१, उंची १५८ सेंमी, जानेवारीत वजन ६४ किलो. काम शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात हिशेबाचं, म्हणजे खुर्चीतलं. आठवड्यातल्या चार सकाळी पळणं, साधारण पाच किलोमीटर, बहुतेक वेळा इथे सोलापुरात संभाजी तलावाच्या बाजूला. खाणं रोज सरासरी १५०० कॅलरी. पुढचं सगळं गणित या आकड्यांवर उभं आहे. तुमचे आकडे वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येणार.

वजन उतरवायला कॅलरी मोजताना जे रकाने भरावे लागतात, त्यातल्या एकाच रकान्याबद्दल या खेपेला लिहितेय: ॲक्टिव्हिटी लेव्हल, म्हणजे आपली हालचाल किती. भात ग्रॅमवर मोजणारी मंडळी ॲक्टिव्हिटी लेव्हलच्या रकान्यात मात्र मनाला येईल ते ठोकून पुढे जातात, आणि सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

मिफ्लिन-सेंट जॉरचं १९९० चं सूत्र बहुतेकांना पाठ असेल. वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१ (पुरुषांना शेवटी वजा १६१ ऐवजी अधिक ५). माझं उत्तर १२६२. नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला एवढ्या कॅलरी जाळतंच. त्याला ॲक्टिव्हिटी लेव्हलच्या गुणकाने गुणलं की दिवसाचा एकूण खर्च: ‘बैठी’च्या १.२ ने १५१४, ‘हलकी’च्या १.३७५ ने १७३५, ‘मध्यम’च्या १.५५ ने १९५६. पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात ४४२ कॅलरींचं अंतर. तीन भाकरी आणि वर शेंगाचटणी, एवढं सगळं एका बोटाच्या टिचकीवर ठरतं.

खरा घोळ प्रश्नातच आहे. नेटवरचे कॅल्क्युलेटर विचारतात, आठवड्यात किती दिवस व्यायाम करता? मायफिटनेसपालसारखी ॲप विचारतात, दिवसभर तुमचं काम कशा प्रकारचं असतं? बसून की उभ्याने? पहिल्या ठिकाणी व्यायाम गुणकात धरलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी तो धरलेला नसतो, वेगळा नोंदवायचा असतो. दोन्हीकडे नाव तेच, ॲक्टिव्हिटी लेव्हल. कॅल्क्युलेटरचं उत्तर ॲपमध्ये भरून वर पळणंही नोंदवलं, तर एकच पळणं दोनदा जमा होतं.

कॅल्क्युलेटरच्या वर्णनात मी बरोबर ‘मध्यम’मध्ये बसते: ३ ते ५ दिवस व्यायाम, गुणक १.५५. पण हिशेबाची सवय असल्यामुळे पळण्याची किंमत वेगळी काढून पाहिली. पळताना दर किलोमीटरला ढोबळमानाने वजनाच्या किलोइतक्या कॅलरी लागतात. ६४ गुणिले ५ म्हणजे ३२०. त्यातल्या ५० च्या आसपास तेवढा वेळ घरी बसून राहिले असते तरी गेल्याच असत्या, म्हणून निव्वळ २७०. आठवड्याला चारदा म्हणजे १०८०, दिवसाला वाटले तर १५४. बैठ्या १५१४ मध्ये हे मिळवले की १६६८. चार दिवस घाम गाळून मी ‘मध्यम’ तर नाहीच, ‘हलकी’च्याही थोडी अलीकडेच थांबते.

मग १.५५ आणि त्याच्या वरचं कुणाचं? आमच्या दाजींचं. ते टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर आहेत. पाळीभर उभं, या लूमवरून त्या लूमवर, तुटलेला धागा जोड, कांडी बदल, परत फिर. व्यायाम या शब्दावर ते हसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या तक्त्यात श्रमाचे तीनच वर्ग आहेत: बैठं काम १.४०, मध्यम १.८०, जड २.३०. व्यायामाच्या दिवसांनी नाही, कामाने ठरणारे. ५५ किलोच्या बाईला त्या तक्त्यात बैठ्या कामासाठी १६६० कॅलरी आणि मध्यम श्रमासाठी २१३० आहेत. मधला ४७० चा फरक पळून भरून काढायचा, तर माझ्या वजनाला रोज नऊ किलोमीटरच्या आसपास पळावं लागेल. रोज! आपल्या गिरणगावात हा तक्ता जास्त खरा वाटतो, असं माझं मत.

याच तक्त्यात बैठं कामसुद्धा १.४० पासून सुरू होतं, हेही बघून ठेवा. कॅल्क्युलेटरचं १.२ फारच कंजूष आहे. खाटेवरून न उठणाऱ्या माणसाच्या जवळ जाणारं. घरात दोन वेळचा स्वयंपाक, झाडलोट, जिने, बाजार करणारी बाई ऑफिसात बसत असली तरी १.२ वर नसते.

व्यायामाच्या बाहेरची ही हालचाल माणसागणिक फार बदलते. मेयो क्लिनिकच्या १९९९ च्या प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा दिल्या होत्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोंच्या वर गेली. फरक मुख्यत्वे या न मोजलेल्या चुळबुळीचा होता. म्हणून गुणक हा सुरुवातीचा अंदाज. पुढे वजनकाट्यालाच विचारायचं.

जानेवारी-फेब्रुवारी

सुरुवात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे चालण्यात पावलांचा आकडा नेहमीच्या दुपटीच्या वर. त्या दिवसांपुरती लेव्हल वाढवावी का, असं मैत्रिणीने विचारलं. माझं उत्तर नाही. सणाचे दिवस सरासरीत आपोआप विरतात, आणि लेव्हल हा सरासरीचाच रकाना आहे. शिवाय गड्ड्यावरचं खाणंही त्याच दिवसांत होतं.

रोजच्या वजनाकडे बघत नाही, सात दिवसांची सरासरी घेते. आणि बायकांनी एक आठवडा दुसऱ्याशी जुळवूच नये. पाळीच्या आधी पाणी धरलं की किलोभर इकडेतिकडे सहज होतं. म्हणून चार आठवड्यांचं अंतर ठेवून पाळीच्या चक्रातला तोच आठवडा त्याच आठवड्याशी जुळवते.

चार आठवड्यांत सरासरी ०.९ किलो उतरलं. किलोला ७७०० कॅलरी धरल्या तर ६९३०, दिवसाला २४७. खाल्लेल्या १५०० मध्ये मिळवले की १७४७. म्हणजे प्रत्यक्ष गुणक १.३८. कागदावरच्या १६६८ पेक्षा ८० जास्त. ते घरकामाचे आणि संध्याकाळी नवी पेठेत पायी फिरण्याचे, असं मी धरते.

इथे कुणी म्हणेल, खाण्याच्या नोंदीच अचूक नसतील तर? नसतातच. फोडणीचं तेल कोण मोजतं, आणि सोलापुरात शेंगाचटणी तोंडी लावणं समजतात, खाणं नाही, जरी शेंगदाण्याच्या १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असल्या तरी. पण या पद्धतीची गंमत अशी की रोज सारखंच कमी लिहीत असाल, तर तेवढंच कमी उत्तरात उतरतं. माझे १७४७ हे माझ्या वहीचे १७४७ आहेत. प्रयोगशाळेत कदाचित १८५० निघतील. पण मी वहीतच खाते, वहीतच वजा करते, त्यामुळे चालतं. अट एवढीच की चुकायचं तर रोज सारखंच चुकायचं.

भाकरीचं तेवढं जपा. पीठ तोला, भाकरी नको. कडक भाकरीतलं पाणी उडालेलं असतं, ती मऊ भाकरीपेक्षा बरीच हलकी भरते, पण पीठ तेवढंच. ४० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या १३५ च्या आसपास कॅलरी, कडक असो वा मऊ.

एप्रिल-मे

पारा चाळिशीच्या वर. पळणं तेवढंच ठेवलं, फक्त उजाडायच्या आत उरकायला लागले. खाणंही १५०० च. चार आठवड्यांत उतरलं ०.४ किलो. ३०८० भागिले २८, म्हणजे दिवसाला ११०, एकूण खर्च १६१०. तेव्हा वजन ६२.४, त्याचं मूळ उत्तर १२४६, गुणक १.२९.

वजन कमी झालं म्हणून खर्च घटला म्हणावं, तर किलोला फक्त १० कॅलरींचा फरक पडतो, म्हणजे १६ च. सव्वाशेच्या आसपास कुठे गेल्या ते पावलांत दिसलं. हिवाळ्यात नऊ हजारांच्या आसपास असायची, आता साडेपाच-सहा. डबा खाऊन कारखान्याच्या आवारात फेरी मारायचे, ती बंद. नवी पेठ बंद, भाजी दारावरच. घरी आलं की कूलरसमोर. पळण्याची नोंद जशीच्या तशी आणि लेव्हल खाली, हे मला या सगळ्या नोंदींतलं सर्वात कामाचं वाटलं. पुण्या-मुंबईच्या माणसाला वर्षभर एक लेव्हल चालत असेल, आपल्याकडे वर्षाला दोन लागतात.

घड्याळावर हे सोपवता येईल का? स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, कॅलरींत मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. मी घड्याळातली पावलं बघते, कॅलरी नाही.

जून

सध्या ॲपमध्ये सगळ्यात खालची लेव्हल, आणि पळणं वेगळं नोंदवते, ३२० नाही, निव्वळ २७०. पाऊस पडून संध्याकाळचं फिरणं सुरू झालं की पावलं आठ हजारांच्या वर टिकतात का ते बघेन. टिकली तरच एक पायरी वर.

दाजींनी पावलं मोजायला होकार दिलाय, पण लूमजवळ फोन खिशात नको म्हणतात आणि घड्याळ धाग्यात अडकतं. कमरेला अडकवायचा साधा पेडोमीटर कुणी वापरला असेल तर कोणता ते कळवा, उभ्या उभ्या दोन-दोन पावलं टाकण्याचीही तो नोंद घेतो का, हे मुख्यतः.