गोदावरीचं पाणी आणि घरातलं ग्राफिक्स कार्ड

ओशनॅनिगन्स हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. समुद्रातल्या प्रवाहांची समीकरणं सोडवणारं, ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, फुकट आणि मुक्त. क्लायमा या हवामान-प्रकल्पातून, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. कोडमध्ये एका ठिकाणी ‘सीपीयू’च्या (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) जागी ‘जीपीयू’ (ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर) लिहायचं, की तोच कोड ग्राफिक्स कार्डावर पळतो. नाशिकला गंगापूर रोडच्या माझ्या घरी गेमिंगसाठी घेतलेलं कार्ड आहे, त्यावरसुद्धा!

समुद्राचे २५६ × २५६ × १२८ कप्पे पाडले तर सुमारे ८४ लाख होतात. प्रत्येक कप्प्याचा हिशेब एकच: शेजारून किती पाणी, उष्णता, मीठ आलं आणि किती गेलं. तेच काम हजारो ठिकाणी एकाच वेळी करणं, यात जीपीयूचा हात कोण धरणार?

मी बंगालच्या उपसागराचा छोटा तुकडा मांडला. त्र्यंबकला उगम पावलेली आपली गोदावरी शेवटी तिथेच जाते ना. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं. वारा सुटला तरी खालचं खारं पाणी त्यात सहजासहजी मिसळत नाही. वरचा थर वाऱ्याबरोबर सरकतो आणि दोन थरांच्या सीमेवर बारीक भोवरे सुटतात, हे स्क्रीनवर बघताना मी जेवायचं विसरलो. असा पृष्ठभाग उबदार राहिला, तर चक्रीवादळांना तिथून ऊर्जा मिळते.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे जरूर करून बघावं. सुरुवात द्विमितीपासून करा. कार्डाची मेमरी कमी पडली तर फ्लोट६४ ऐवजी फ्लोट३२ वापरा, म्हणजे प्रत्येक आकडा ६४ ऐवजी ३२ बिटांत साठवा, आकडे निम्म्या जागेत मावतात.