केव्हीएम पाच मिनिटांचं, बायोस महिन्याचं

उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपचं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही आणि मला लॅपटॉपवर लिनक्सच पाहिजे. मधला मार्ग केव्हीएम, म्हणजे लिनक्सच्या आत आभासी मशीन करून त्यात विंडोज चालवायची सोय. 2007 च्या 2.6.20 आवृत्तीपासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, पैसे लागत नाहीत. आभासी मशीन चालवणारं क्यूईएमयू, ते हाताळायचं व्हर्ट-मॅनेजर टाकून झालं आणि गाडी अडली. कर्नलच्या लॉगमध्ये ओळ: 'केव्हीएम: डिसेबल्ड बाय बायोस'.

म्हणजे केव्हीएमला लागणारी इंटेलची सोय, व्हीटी-एक्स, प्रोसेसरमध्ये आहे, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलंय. चालू करायला गेलो तर सुपरवायझर पासवर्ड! लॅपटॉप सेकंडहँड, कुठल्याशा कंपनीच्या लॉटमधला. पासवर्ड त्या कंपनीच्या आयटीवाल्यालाच ठाऊक.

दुकानदार म्हणतो, "मशीन चालू हाय न्हवं? मग ते व्हीटी-बिटी कशाला पायजे?" समजावलं. "मुंबईच्या पार्टीला विचारतो, उद्या या." उद्या गेलं की मालक बाहेर, पोरगं जेवायला. एकदा पोरानं झाकण खोलून सीएमओएसची (बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ जपणारी) बॅटरी काढून बसवली. पासवर्ड जिथल्या तिथं, घड्याळ मात्र मागं गेलं. अशा ऑफिसच्या लॅपटॉपात पासवर्ड बहुधा वेगळ्या चिपमध्ये असतो, बॅटरीनं पुसत नाही, हे मी घसा कोरडा करून सांगत होतो. इकडं केव्हीएमविना क्यूईएमयू प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये वठवत बसायचं. विंडोज उठेपर्यंत गिऱ्हाईक "बिल व्हॉट्सॲपला टाका" म्हणून निघून जायचं.

शेवटी काउंटरवरच ठाण मांडलं. "त्याच लॉटमधला दुसरा द्या, बायोस हितंच उघडून बघणार." पहिला तोही कुलूपबंद. त्यानंतरचा उघडला. तिथल्या तिथं व्हीटी चालू केलं, जुनी एसएसडी त्यात घातली आणि लिनक्स कुरकुर न करता उठलं. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होतं!

तेव्हा सेकंडहँड घेताना स्क्रीन, कीबोर्ड नंतर बघा, आधी बायोस उघडा. लिनक्समध्ये 'एलएससीपीयू' ही कमांड दिली की व्हर्च्युअलायझेशनपुढं व्हीटी-एक्स किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर एएमडी-व्ही दिसतं. काही जुन्या मशीनवर बदल केल्यावर रीस्टार्ट पुरत नाही, पूर्ण बंद करून चालू करावं लागतं.

एक राहिलंच. आभासी मशीनची डिस्क व्हर्टआयओ (आभासी मशीनसाठीचा खास वेगवान प्रकार) ठेवली तर विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाईल) आभासी मशीनच्या दुसऱ्या सीडीरॉमला जोडा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबा.